मास्तरांना विचारा : आबांची नववी

(आमचे मास्तर आर्मी एज्युकेशन कोरमधून निवृत्त झाले असून कळव्याला खारेगावात राहतात. माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांनी पाठवलेल्या प्रश्नांना ते दर महिन्याला उत्तरं देतात.)

प्रश्न : मास्तर, नमस्कार. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तोफखान्यात होते. गाव खटाव तालुक्यातलं. १९६६ साली नववी अर्धवट टाकून भरती झाले. ७१ च्या लढाईत त्यांची रेजिमेंट छांबला होती. १९८३ ला हवालदार म्हणून पेन्शन आले, मग बरीच वर्षं रबाळे एमआयडीसीत सिक्युरिटी सुपरवायझर होते. आता वय ७७. माझा भाऊ अमेरिकेत असतो. तो नुकताच येऊन गेला. त्याच्या मुलीच्या हायस्कूलच्या पदवीदानात व्हीलचेअरवरच्या एका म्हाताऱ्या सैनिकाला मुलांच्या रांगेतच डिप्लोमा दिला आणि सगळं मैदान उभं राहिलं, असं तो सांगत होता. आबा ऐकत होते. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे परीक्षा न देता?" आणि मग गप्प झाले. सोसायटीच्या कमिटीचा फॉर्म असो की बँकेचा, 'शिक्षण' या रकान्यात ते नुसती आडवी रेघ मारतात. आपल्याकडे अशी मानद दहावी मिळते का? अर्ज कुठे करायचा? त्यांना न सांगता करता येईल का? मला सरप्राइज द्यायचं आहे.
– एक सून, ऐरोली

उत्तर : ताई, आधी सरळ उत्तर. आपल्याकडे असं काही नाही. आपली विद्यापीठं मानद डी.लिट. देतात, लष्करात जुन्या सुभेदाराला २६ जानेवारी-१५ ऑगस्टला ऑनररी कॅप्टन करतात, पण बोर्डाची दहावी परीक्षेला बसल्याशिवाय मिळत नाही. तेव्हा अर्जाचा पत्ता माझ्याकडे नाही. तुमच्या पत्रात इतर बरंच काही आहे, त्याबद्दल मात्र लिहितो.

तुमच्या भावाने पाहिलं ते काय होतं, हे आधी समजून घ्या. अमेरिकेत हा केंद्राचा कायदा नाही. शाळा हा तिथे राज्यांचा आणि गावोगावच्या शाळा-मंडळांचा कारभार. एकेका राज्याने आपापला कायदा केला: दुसरं महायुद्ध, कोरिया किंवा व्हिएतनाम यांपैकी एखाद्या लढाईला गेल्यामुळे ज्याचं हायस्कूल अपुरं राहिलं, त्याला तिथलं शाळा-मंडळ डिप्लोमा देऊ शकतं. पुष्कळ ठिकाणी या योजनेला 'ऑपरेशन रेकग्निशन' म्हणतात. कुठल्या लढाया धरायच्या, हे प्रत्येक राज्य आपलं आपण ठरवतं. अर्जाला फौजेतून सुटल्याचा कागद जोडायचा. त्यांच्याकडे तो डीडी-२१४ या नावाने ओळखला जातो, आपल्याकडे डिस्चार्ज बुक तसं. माणूस हयात नसेल तर अनेक राज्यांत घरच्यांना अर्ज करता येतो. मला सगळ्यात पटलेलं कलम कॅलिफोर्नियाचं. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन कुटुंबांना सरकारने छावण्यांत डांबलं होतं. त्या छावण्यांमुळे ज्या मुलांची शाळा बुडाली, त्यांनाही सैनिकांच्या बरोबरीने त्याच कायद्यात बसवलंय. शाळा कोणी बुडवली, हे तिथल्या लोकांनी पाहिलं.

तिथे सक्तीची भरती होती, हे यामागचं कारण. १९४२ च्या नोव्हेंबरात भरतीचं वय २० वरून १८ वर आणलं. म्हणजे पोरगं शाळेच्या शेवटच्या वर्गात असताना बोलावणं यायचं. काही जण सतराव्या वर्षीच आईबापांची संमती घेऊन स्वतःहून जायचे. व्हिएतनामपर्यंत हे चाललं, १९७३ ला सक्ती थांबली. त्याच १९४२ सालात त्यांनी सैनिकांसाठी एक परीक्षाही तयार केली, जीईडी नावाची. ती पास झालं की हायस्कूलची पात्रता मिळते. आज ती सगळ्यांसाठी आहे, पण निघाली फौजेसाठी. म्हणजे ज्याला परीक्षा द्यायची होती त्याला वाट होती. परत आल्यावर जे कारखान्यात, शेतावर, संसारात गुंतले आणि कधीच बसले नाहीत, त्यांना अर्ध्या शतकानंतर गावाने बोलावून कागद दिला. सरकारने पोराला वर्गातून उचललं, म्हणून शाळा त्याचं देणं फेडते, असा तो हिशेब आहे.

आता आपलं बघा. आपल्या फौजेत सक्ती कधीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांची हिंदी फौज उभी राहिली तीसुद्धा स्वखुशीची, निदान कागदावर तरी. आमच्या सातारा जिल्ह्यात पोरं भरतीला का जात, हे तुम्ही सासरी ऐकलं असेलच. खटाव-माणची कोरडवाहू जमीन, तीन भाऊ, एकाची फी भरायची तर दुसऱ्याच्या पायात वहाण नाही. त्यात तेव्हाची मॅट्रिक अकरावीला. दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा १९७५ ला झाली. म्हणजे ६६ साली नववीत असलेल्या मुलाला मॅट्रिकसाठी आणखी दोन वर्षं काढायची होती, आणि भरतीची गाडी आज दारात उभी. आबा फौजेत गेले म्हणून त्यांची शाळा सुटली, की शाळा सुटणारच होती म्हणून ते फौजेत गेले? मला उत्तर माहीत नाही, तुम्हालाही नसणार. त्यांना विचारा. माझ्या वर्गात बसलेल्या शंभरातल्या नव्वद जवानांचं उत्तर दुसरं असे.

आणि इथे मला माझ्या खात्याची बाजू घेतलीच पाहिजे. अमेरिकेतल्या त्या आजोबांची शाळा फौजेने तोडली. आपल्याकडे कित्येक जवानांची शाळा फौजेत सुरू झाली. पचमढीला आमचं ट्रेनिंग सेंटर. तिथून आम्ही एज्युकेशन हवालदार निघायचो आणि पलटणीपलटणीत जायचो. जवान आम्हाला 'मास्टरजी' म्हणत. परेड, फटिग (छावणीतली अंगमेहनतीची कामं), हत्यारांची साफसफाई झाली की पढाईचा पिरियड. बराकीत, तंबूत, कधी गाडीच्या सावलीत. दिवसभर दमलेला माणूस वहीवर मान टाकून झोपायचा आणि सुभेदारसाहेब आले की आपोआप जागा व्हायचा. पण शिकायचा, कारण आर्मी सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशनवर बढती अडायची. थर्ड क्लास, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास अशा त्याच्या पायऱ्या. त्याशिवाय नकाशावाचनाची परीक्षा वेगळी. आणि सगळ्यांच्या वर इंडियन आर्मी स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन, जे नोकरीसाठी सरकारने मॅट्रिकच्या बरोबरीचं धरलं.

तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये मी होतो. सोलापूरकडचा एक गनर होता, सातवी शिकलेला. फळ्यावर अपूर्णांक लिहिला की त्याला घाम फुटायचा. तोच माणूस तोफेजवळ उभा राहिला की कोन, उंची, पल्ला यांची उलटापालट डोक्यात करायचा. तोफखान्यात कोन अंशांत मोजत नाहीत, मिलमध्ये मोजतात. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल. "इतके डावीकडे, मग इतके परत" ही बेरीज-वजाबाकी त्याला झोपेत विचारली तरी चुकायची नाही. मी एकदा वर्गात तेच गणित फळ्यावर मांडलं तर म्हणाला, "मास्टरजी, तोफेपाशी विचारा, इथं नको." शेवटी मी त्याची अख्खी तुकडी तोफेपाशी नेली आणि तिथे दशांश चिन्ह शिकवलं. पुढच्या खेपेला तो सेकंड क्लास पास झाला. आबा हवालदार होऊन आले म्हणता, म्हणजे यातलं काहीतरी त्यांनी नक्की पास केलंय. तोफखान्यात हवालदारकी नुसती छाती पुढे काढून मिळत नाही.

तेव्हा सरप्राइज बाजूला ठेवा आणि पहिलं काम हे करा. आबांची लोखंडी ट्रंक उघडायला लावा. प्रत्येक माजी सैनिकाच्या घरी ती असते, आणि तिची किल्ली जानव्याला, करदोट्याला नाहीतर देवघरात असते. त्यात डिस्चार्ज बुक निघेल. मी पाहिलेल्या बहुतेक बुकांत शिक्षणाच्या दोन नोंदी असतात: भरती होतानाचं नागरी शिक्षण आणि नोकरीत मिळवलेलं लष्करी शिक्षण. पहिल्यात नववी नाहीतर आठवी असेल. दुसऱ्यात काय आहे ते वाचा. तारखेसकट. चाळीस वर्षं ते पान कोणी उघडलं नसेल, कारण पेन्शनचा आकडा दुसऱ्या पानावर असतो. बुक फाटलं असेल, शाई उडाली असेल, तर तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला आहे. आर्मी नंबर, नाव, निवृत्तीची तारीख देऊन पत्र लिहायचं. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलं तर बरं, तिथल्या लोकांना या पत्रांचा साचा पाठ असतो. नाव मात्र फौजेच्या कागदावर आहे तसंच लिहा. त्या काळी भरतीच्या कारकुनाने कानावर पडेल तसं इंग्रजीत नाव उतरवलं, आणि आमच्याकडच्या कित्येक 'ज्ञानदेवां'चे 'दयानदेव' होऊन गेले. आधारकार्डावरचं नाव लिहाल तर फाइल सापडायची नाही.

त्या रकान्यात आडवी रेघ मारण्याची गरज नाही, हे मला म्हणायचंय. 'नववी, आर्मी सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन, अमुक क्लास, अमुक साल' असं लिहिता येतं आणि ते शंभर टक्के खरं आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीला ते काय असतं कळणार नाही. तो विचारेल, मग आबा सांगतील, आणि मीटिंग अर्धा तास लांबेल. एरवी पार्किंगवरून लांबतेच.

आता दुसरी गोष्ट. कदाचित आबांना दहावीच हवी असेल. लष्करी कागद वेगळा आणि नातवाकडे असतो तसला बोर्डाचा कागद वेगळा, असं त्यांना वाटत असेल तर त्यात चूक काही नाही. त्यासाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९८९ पासून चालू आहे, केंद्र सरकारची आहे, आपल्यासाठी विभागीय कार्यालय पुण्याला. दहावीसाठी किमान वय १४ आणि वरची मर्यादा नाही. आठवीचा कागद नसला तरी 'मी दहावीचा अभ्यास करू शकतो' असं स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालतं. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा. प्रत्येक विषयात ३३ टक्के. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी, आणि पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. दर वर्षी दोन वेळा परीक्षा. मराठी माध्यम आहे. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे गणित सक्तीचं नाही. मराठी, हिंदी, सामाजिक शास्त्र, चित्रकला, गृहविज्ञान असे पाच घेतले तरी दहावी होते. गृहविज्ञान मी गमतीने लिहीत नाही. तीस माणसांच्या लंगरचं रेशन काढलेल्या हवालदाराला तो विषय सोपा जाईल. त्यांची ईर्ष्या वाढलीच तर बारावीला मिलिटरी स्टडीज हा विषयसुद्धा आहे.

वयाचं म्हणाल तर आपल्याच जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात, ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन साठीच्या पुढच्या बायका वर्गात बसल्या. त्या अक्षर ओळखीपासून सुरू झाल्या. आबा तर त्यांच्यापुढे आठ इयत्ता आहेत.

प्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा लागतो. इथे शाळा सोडल्याचा दाखला कामाला येतो, आणि गावच्या शाळेत जनरल रजिस्टर जपलेलं असतं. साठ वर्षांपूर्वीची नोंदही सापडते. दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा, पण आबांना बरोबर घेऊन जा. हेडमास्तर कितीही कामात असले तरी रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव शोधायला आलेल्या म्हाताऱ्याला खुर्ची देतात. जन्मतारीख मात्र ताडून पाहा. दाखल्यावरची आणि फौजेतली तारीख जुळेलच असं नाही. भरतीचं वय बसवण्यासाठी त्या काळी काय काय झालं ते मी इथे लिहीत नाही. पेन्शनची तारीख फौजेच्या कागदावर चालते. दुसऱ्या तारखेचा दाखला कुठेही पुढे करण्याआधी सैनिक कल्याण कार्यालयात एकदा विचारा, नाहीतर आनंदाच्या भरात पेन्शनचा कागद अडकून बसायचा.

राहिला आबांचा प्रश्न. "म्हणजे परीक्षा न देता?" मी तिथे नव्हतो, त्यामुळे त्यांचा सूर कसा होता मला कळत नाही. हेवा असेल. नाक मुरडणंही असेल. आमच्या पिढीच्या हवालदारांना फुकटची फीत आवडत नाही. कोणी न लढता मेडल लावून आला की मेसमध्ये त्याचं काय व्हायचं ते मी पाहिलंय. २०२१ ला करोनामुळे दहावीची लेखी परीक्षा झालीच नाही, शाळेच्या मूल्यमापनावर निकाल लागला, ९९.९५ टक्के. त्या वर्षी आमच्या बिल्डिंगमधले एक रिटायर्ड नाईक पेढे घेताना म्हणाले, "परीक्षेशिवाय पास, मग पेढाबी साखरेशिवाय द्यायचा." त्या पोरांचा काही दोष नव्हता, पण नाईकसाहेबांना ते पचलं नाही. तुमचे आबा त्या जातीचे असले तर न सांगता आणलेला कुठलाही कागद ते हातात घेतील, बघतील, आणि ट्रंकेत ठेवून देतील. तेव्हा सरप्राइज नको. घरात दुसरं कोणी नसताना, चहाच्या वेळी, त्यांना सरळ विचारा: आबा, दहावी द्यायची का? नाही म्हणाले तर विषय संपला. डिस्चार्ज बुकातलं ते पान तेवढं लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढा. लॅमिनेट केलेला मूळ कागद रेकॉर्डवाले घेत नाहीत.

एक सावधानता. 'घरबसल्या दहावी, जुन्या तारखेने' असं सांगणारे दलाल आपल्याकडे स्टेशनाबाहेरच्या खांबांवर चिकटलेले असतात. त्यांच्या नादी लागू नका. सतरा वर्षं सचोटीने काढलेल्या माणसाच्या हातात खोटा कागद द्यायचा म्हणजे घरच्यांनीच त्याची इभ्रत घालवायची.

प्रश्न : मी ईएमईमधून (लष्कराचं यंत्रं आणि वाहनं दुरुस्त करणारं खातं) सतरा वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून नुकताच निवृत्त झालो. शिक्षण बारावी. रेकॉर्ड ऑफिसने ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट दिलं आहे. माझा मेहुणा म्हणतो, आता तू पदवीधर, एमएला प्रवेश घे. खरं का?
– एक माजी सैनिक, कोपरी, ठाणे

उत्तर : मेहुण्याला चहा पाजा, सल्ला घेऊ नका. हा कागद नोकरीसाठी आहे. केंद्राच्या कार्मिक खात्याच्या फेब्रुवारी १९८६ च्या आदेशाप्रमाणे मॅट्रिक झालेला किंवा आर्मीचं स्पेशल सर्टिफिकेट मिळवलेला माजी सैनिक, ज्याची नोकरी किमान १५ वर्षं झालीय, तो पदवी मागणाऱ्या पदासाठी पात्र धरता येतो. अट अशी की ते पद गट 'क' मधलं असावं आणि त्याला तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभवाची गरज नसावी. नौदल-हवाईदलाच्या तशाच प्रमाणपत्रांनाही हे लागू. विद्यापीठाच्या दारात तो चालत नाही. पुढे शिकायचंच असेल तर तुमची बारावी आहे, मुक्त विद्यापीठातून बीए करा, मग एमए.

नोकरीचं बघाल तर केंद्रात गट 'क' ला माजी सैनिकांसाठी १० टक्के जागा आहेत, महाराष्ट्रात समांतर आरक्षण १५ टक्के. राज्याच्या आणि बँकांच्या जाहिरातीत माजी सैनिकांच्या शिक्षणाचं कलम वेगळं छापलेलं असतं. ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतं आणि पोरं तिथपर्यंत वाचत नाहीत. तुम्ही वाचा. शंका राहिली तर भरती करणाऱ्या खात्याला लेखी विचारा आणि उत्तराची प्रत जपा. तोंडी 'चालतंय की' यावर विसंबून परीक्षा पास झालेले आणि कागदपत्रांच्या तपासणीत बाहेर पडलेले दोघे-तिघे मला माहीत आहेत. एक सांगतो, तुमच्या मागून येणाऱ्या अग्निवीरांची चार वर्षांत ही पंधराची अट पुरी होणार नाही. त्यांच्यासाठी २०२२ पासून एनआयओएसची बारावी आणि इग्नूची पदवी अशी वेगळी सोय केलीय, तीत फौजेतल्या प्रशिक्षणाचे गुण निम्म्या श्रेयांकांपर्यंत धरतात. ओळखीत कोणी पोरगा असेल तर त्याला आत असतानाच नाव नोंदवायला सांगा.

प्रश्न : मी नेरूळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. यंदा २६ जानेवारीला परिसरातल्या ज्या माजी सैनिकांची शाळा अपुरी राहिली त्यांना 'मानद दहावी प्रमाणपत्र' द्यावं असं आमच्या व्यवस्थापनाच्या मनात आहे. नमुना सोबत जोडला आहे. काही अडचण?
– एक शिक्षिका, नवी मुंबई

उत्तर : बाई, नमुना पाहिला. अडचण आहे. तुम्ही वर 'माध्यमिक शालान्त' असं छापलंय, बोर्डाच्या प्रमाणपत्राचाच निळसर रंग घेतलाय आणि बैठक क्रमांकाच्या जागी आर्मी नंबर टाकलाय. हौस समजली. पण हे दहा फुटांवरून खरं वाटतं, आणि उद्या कोणाचा नातू ते कुठल्यातरी अर्जाला जोडेल. बोर्डाचं नाव, चिन्ह, 'शालान्त', 'उत्तीर्ण', यातलं काही नको. शाळेचं लेटरहेड घ्या, मुख्याध्यापकांची सही, आणि शाळा त्यांचा गौरव करते असं साधं वाक्य. आर्मी नंबर तर मुळीच छापू नका. त्यावरून पेन्शनच्या नावाने फोन करणारे भामटे माणसाला गाठतात.

पण शालही नको. प्रत्येक माजी सैनिकाच्या कपाटात डझनभर शाली पडून आहेत, आणि नारळ तर घरी जाईपर्यंत वॉचमनच्या हातात जातो. तुमच्या पत्रिकेत 'मान्यवरांची मनोगते' तीन आहेत आणि सैनिकांचं एकही नाही. ऐंशीच्या घरातली माणसं उन्हात खुर्चीवर बसवून नगरसेवकाचं भाषण ऐकवायचं, हा सत्कार मला झेपत नाही.

त्यापेक्षा त्यांच्याकडून तास घ्या. आठवी-नववीला भूगोलात नकाशावाचन आहेच. फौजेतला माणूस सहा आकडी ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या चौकटींवरून काढलेला जागेचा पत्ता) असा काढून देतो की नकाशावरचं एखादं देऊळ, विहीर, पूल शंभर मीटरच्या चौकोनात सापडतो. आधी पूर्वेकडचे आकडे, मग उत्तरेकडचे. हा क्रम चुकला की तोफगोळा भलतीकडे, एवढं एक वाक्य त्यांनी सांगितलं की पोरं जन्मात विसरणार नाहीत. दोन-दोन सैनिक एका वर्गाला द्या, एकटा माणूस बुजतो. ज्यांना ऐकू कमी येतं, आणि तोफखान्यातल्यांना हमखास कमी येतं, त्यांच्याजवळ एक मोठ्या आवाजाची मुलगी बसवा. तास झाल्यावर वर्गाच्या हजेरीपटात 'पाहुणे शिक्षक' म्हणून त्यांची सही घ्या आणि त्या पानाची प्रत त्यांना द्या. तुमच्या निळ्या प्रमाणपत्रापेक्षा तो कागद त्यांना जास्त आवडेल, असा माझा अंदाज. आणि त्यांच्यापैकी कोणाला खरीखुरी दहावी द्यायची असेल तर वर लिहिलेली एनआयओएसची माहिती त्यांना वाचून दाखवा, तुमच्याच शाळेतल्या कोणी शनिवारी तासभर मराठीचा अभ्यास घेतला तर उत्तम.

नकाशे विकत घ्यायची गरज नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर १:५०,००० चे ओपन सिरीज नकाशे फुकट उतरवून घेता येतात. ठाणे खाडीचा घ्या, मोठ्या कागदावर रंगीत छापा. पावणे गाव कुठे, दिवा गाव कुठे, आपली शाळा कुठे, हे मुलं आपण होऊन शोधायला लागतात.